आत्याच्या हातचे गाऊन

ही गोष्ट मी लोकांना अर्धीच सांगत आले. अर्ध्यावर आलं की ऐकणारे मला शाबासकी देऊ लागतात. एवढ्याशा वयात कसं बोललीस गं, म्हणतात. मग पुढचं सांगायला तोंड उघडत नाही. आता आई नाही, बाबा नाहीत. सुमनआत्या आहे, पण तिला यातलं काही नव्याने सांगायची गरज नाही. म्हणून इथे पूर्ण लिहिते.

अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे हातभर ओटा. बाबा कारखान्यात फिटर होते, युनियनचे जुने कार्यकर्ते. सकाळचा भोंगा झाला की ते जायचे आणि त्यानंतर वसाहत बायकांची व्हायची. नळाखाली बादल्या सरकवण्याचा आवाज, कुणाच्या तरी रेडिओवरचा बाजारभाव, आईच्या परातीतल्या तांदळाच्या भाकरीची थापथाप. आई सुकट परतायला घ्यायची तेव्हा शेजारच्या पाटीलवहिनी खिडकी लावून घेत. लावताना आवाज मोठा करत, आणि संध्याकाळी वाटीभर सुकट न्यायला स्वतःच येत. रविवारी विहारात वंदना, बाकीचे सहा दिवस हेच. आणि या सहा दिवसांचा बायकांचा पोशाख म्हणजे गाऊन. साडी लग्नाला, विहारात, दवाखान्यात जायला. घरात, नळावर, भाजीच्या गाडीवर गाऊन, आणि गाडीवाल्यासमोर जायचं असेल तर खांद्यावर टॉवेल. माझ्या आईचं चित्र डोळ्यांसमोर आणलं तर ती गाऊनमध्येच येते. जांभळ्या फुलांचा, काखेत विटलेला, खिशात चावी आणि सुपारीची पुडी.

गाऊन आणायची पुष्पा आंटी. उल्हासनगरची सिंधी बाई, पन्नाशीची, अंगाने भरलेली, दोन्ही गुडघे धरलेले. महिन्यातून दोनदा ती रिक्षाने वसाहतीच्या फाटकापर्यंत यायची आणि तिथून चादरीत बांधलेलं गठोडं काखोटीला मारून, दर वीस पावलांवर थांबत, आमच्या ओट्यावर येऊन बसायची. “भाभी, पानी. पहले पानी, बाद में धंदा.” येताना सिंधी पापड आणायची आणि आमच्या गॅसवर स्वतःच चिमट्याने भाजायची, कारण आईला ते भाजता येत नाहीत असं तिचं ठाम मत होतं. पापडाचा वास सुटला की कांबळेकाकू, पाटीलवहिनी आणि मागच्या रांगेतल्या पाच-सहा जणी, कुणी बोलावल्याशिवाय जमायच्या. गठोडं सुटायचं आणि नव्या कापडाचा खळीचा वास ओटाभर पसरायचा.

ते गाऊन माझी आत्या शिवायची. हे गुपित नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. बाबांची धाकटी बहीण, सुमनआत्या. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांची कंपनी बंद पडली तसे ते घरी बसले, आणि आत्या पुष्पा आंटीच्या माळ्यावर मशीनला बसायला लागली. आंटीला आमच्या वसाहतीत तिनेच पाठवलं होतं, “माझ्या वहिनीच्या ओट्यावर बसा, माल जाईल” असं सांगून. आई ते मनावर घ्यायची. आपण चार बायकांना गाऊन घ्यायला लावतो म्हणजे नणंदेच्या चुलीला हातभार लावतो, असं तिला मनापासून वाटायचं. आणि तीच आई भाव पाडण्यात वसाहतीत पहिली होती. त्यात तिला कसलीही विसंगती दिसत नव्हती, मलाही नव्हती. आई गाऊन उलटासुलटा करायची, शिवण ओढून बघायची, मग बाजूला ठेवून डाळ निवडायला घ्यायची. आंटी कळवळायची, “भाभी, इसमें मेरेको क्या भेटेगा?” आई डाळीतून मान वर न काढता आपला आकडा पुन्हा सांगायची. शेवटी आंटी कपाळावर हात मारून द्यायची, आणि मग बाकीच्या सगळ्यांना तोच भाव. बायका आईकडे कौतुकाने बघायच्या. मीही बघायचे.

दहावीची परीक्षा झाली आणि मी आठ दिवस आत्याकडे राहायला गेले. तिला मूलबाळ नव्हतं, माझ्यावर तिचा जीव होता. उल्हासनगरची तिची खोली एका अरुंद गल्लीत, मागे नाला. कुठल्या कारखान्यात कसला रंग चालला आहे ते नाल्यावरून कळायचं. मामा सकाळी दात घासत दारात उभे राहून सांगायचे, “आज काळा आहे,” “आज निळा सुटलाय.” गल्लीत बायका खाटांवर पापड वाळत घालायच्या आणि त्यांच्या गप्पा मला अर्ध्या कळायच्या. आत्या पहाटे उठून स्वयंपाक करून, एक कप चहा घेऊन निघायची. संध्याकाळी आली की पाय धुवायच्या आधी तांब्याभर पाणी उभ्यानेच घटाघटा प्यायची. मला वाटायचं, उन्हातून आली म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती डबा विसरली आणि मामांनी मला तो घेऊन पाठवलं. आंटीचं घर खाली, त्याच्यावर पत्र्याचा माळा, आणि वर जायला बाहेरून लोखंडी शिडी. वर सहा मशिनी, सहा बायका. एक पंखा होता, पण तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, कारण वाऱ्याने कापलेलं कापड उडतं. पत्रा इतका तापलेला की मान वर केली तरी कपाळाला धग लागावी. कापसाची तूस हवेत तरंगत होती, आत्याच्या पापण्यांवर बसलेली होती. सहा मशिनींच्या आवाजात तिने मला काहीतरी विचारलं, ते मला ऐकूच आलं नाही. कोपऱ्यात माठ होता. मी त्यावरचं झाकण काढलं तर झाकणावर तूस जाड बसलेली, दिवसभरात त्याला हात लागलेला नव्हता. मी दोन पेले पाणी प्यायले. माझ्या बाजूच्या मशीनवरची बाई हसली आणि म्हणाली, “पी, पी. तुला काय, तू आता घरी जाणार.”

तिला काय म्हणायचं होतं ते आत्याने जेवताना सांगितलं. माळ्यावर संडास नव्हता. आंटीच्या घरातला होता, पण त्यासाठी शिडी उतरायची, आंटीच्या सुनेचं दार वाजवायचं, ती तोंड वाकडं करून बाजूला होणार, मग पुन्हा शिडी चढायची. तेवढ्यात एक गाऊन बुडतो. पैसे नगावर. “नको म्हणत नाही गं कुणी,” आत्या म्हणाली, “आंटी कधी नको म्हणाली नाही. पण आपल्यालाच नको वाटतं. त्यापेक्षा पाणीच नाही प्यायचं. सवय होते.”

“अख्खा दिवस?”

“अख्खा दिवस म्हणजे काय, सहापर्यंत.”

त्या संध्याकाळी मी नीट बघितलं. आत्या घरी आल्यावर मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा चेहरा पांढरा होता. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटाशी धरून ती भिंतीकडे तोंड करून पडली. मामा म्हणाले, हे वर्षभर चाललंय, जळजळ होते, मधून ताप येतो. डॉक्टरने पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलंय. आत्या भिंतीकडूनच म्हणाली, “डॉक्टरला काय जातं सांगायला. त्याच्या दवाखान्यात संडास आहे.” मामा हसले. मीही हसले. आज ते हसू आठवतं आणि स्वतःची लाज वाटते, पण त्या खोलीत दुसरं काय करता आलं असतं तेही कळत नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा डबा द्यायला गेले होते तेव्हा आंटी अंबरनाथहून परत आली. शिडी चढणं तिला जमायचं नाही, म्हणून खालून हाक मारून तिने बायकांना उतरवलं. खाटेवर बसून गुडघे चोळत म्हणाली, या महिन्यापासून नगामागे थोडं कमी मिळेल. कपडा महाग झाला, आणि वसाहतीतल्या बायका जास्त द्यायला तयार नाहीत. मग आंटी माझ्याकडे बघून हसली आणि आत्याला म्हणाली, “सुमन, तेरी भाभीच सबसे ज्यादा तोडती है. क्या औरत है! उसके सामने मेरा मुंहच नहीं खुलता.” त्यात राग नव्हता, उलट कौतुक होतं. आत्याही हसली. “वहिनी आहेच तशी,” म्हणाली. वर जाताना शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबून मला हळूच म्हणाली, “घरी बोलू नकोस हं हे. तिला बरं वाटणार नाही.”

मी बोलले नाही. पंधरा दिवस बोलले नाही. बाबांना सांगावं असं रोज वाटायचं. ते संध्याकाळी ओट्यावर बसून गेट मीटिंगच्या गोष्टी सांगायचे, कारखान्यात पाण्याच्या कूलरसाठी त्यांनी कसा संप केला ते सांगायचे, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो झाकणावर तूस बसलेला माठ यायचा. पण आत्याला शब्द दिला होता.

मग आंटी आली. पापड भाजले, गठोडं सुटलं, बायका जमल्या. आईने एक आकाशी रंगाचा गाऊन निवडला, शिवण ओढून बघितली आणि बाजूला ठेवला. आंटी कळवळली. आईने आकडा सांगितला, मागच्यापेक्षा दहा रुपयांनी कमी. “स्टेशनला याच्यापेक्षा स्वस्त मिळतात, बाई.” मी दारात उभी होते.

“आई, ते दहा रुपये आंटीचे नाहीत,” मी म्हणाले. “आत्याचे आहेत. तू इथे कमी केलंस की तिथे आत्याचे कमी होतात. मागच्या महिन्यात झाले. तुझं नाव घेऊन झाले.”

आणि मग थांबलेच नाही. माळा, पत्रा, शिडी, आत्या दिवसभर पाणी पीत नाही, कशासाठी पीत नाही, तिला काय होतं, सगळं त्या सगळ्या बायकांसमोर बोलले. ज्या गोष्टी बायका एकमेकींच्या कानात सांगतात त्या मी मोठ्याने बोलले. आंटी म्हणत होती, “मैने कभी मना किया? पूछ सुमन को. कभी मना किया?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या गाऊनची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती, पुन्हा घालत होती.

मला काय अपेक्षित होतं ते मला नक्की आठवतं. मला वाटलं होतं, आई म्हणेल, बरं, घे बाई तुझा पूर्ण भाव. मग कांबळेकाकू देतील, मग सगळ्याच देतील. आंटीला जास्त मिळतील, आत्याला जास्त मिळतील, माळ्यावर संडास होईल. हे सगळं माझ्या डोक्यात एकाच दमात तयार होतं. झालं असं की कांबळेकाकूंनी हातातला गाऊन हळूच खाली ठेवला, जसा एखाद्या आजाऱ्याच्या अंगावरून काढला असावा, आणि म्हणाल्या, “गॅसवर दूध आहे.” पाटीलवहिनी उठल्या. पाच मिनिटांत ओटा रिकामा झाला. कुणीही काही घेतलं नाही. आईनेही नाही. आंटीने गठोडं बांधलं, पापडाची राहिलेली पुडी तिथेच ठेवली आणि गेली.

ती त्यानंतर दोनदा आली. बायका खिडकीतून बघायच्या आणि आत जायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बहिष्कार हा शब्द उच्चारला नव्हता. त्यांना लाज वाटत होती, इतकंच. नवा भाव द्यायची ऐपत नव्हती, जुन्या भावाने घ्यायला आता हात धजेना. पण गाऊन तर लागतातच. महिन्याभराने नळावर कांबळेकाकू नवा कोरा पिवळा गाऊन घालून आल्या. स्टेशनजवळच्या दुकानातला. तो कुणी शिवला, कुठल्या पत्र्याखाली शिवला, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि म्हणून तो घालता येत होता. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं. आईनेही तिथूनच घेतला. भाव केला नाही. दुकानात पाटीच लावली होती.

बाबांना कळलं तेव्हा ते आधी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बरोबर बोललीस. रविवारी ते स्वतः उल्हासनगरला गेले, सहा बायकांना एकत्र करून आंटीशी बोलायला. दुपारी परत आले ते न जेवता आडवे झाले. आंटीने त्यांना खाटेवर बसवून सरबत दिलं होतं, आपला धंदा समजावून सांगितला होता, गुडघे दाखवले होते. बायकांपैकी दोघी बोलायलाच उतरल्या नाहीत. बाकीच्या म्हणाल्या, दादा, तुम्ही जाल, आम्हाला इथेच बसायचंय. “कूलरसाठी आम्ही नऊशे माणसं होतो,” बाबा छताकडे बघत म्हणाले. “इथे कोणाविरुद्ध संप करायचा? त्या बाईविरुद्ध? तिचंही खोटं नाही.”

माल उठेना म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आंटीने मशिनी विकल्या आणि माळा भाड्याने दिला. आत्याला जीन्स धुण्याच्या एका कारखान्यात धागे कापायचं काम मिळालं. दिवसभर उभ्याने, आणि तिथे दार बाहेरून बंद करत. हे तिनेच आम्हाला सांगितलं, आमच्याकडे आली तेव्हा. ती रागावून आली नव्हती. भाजीची जुडी घेऊन आली होती, आईशेजारी बसून निवडत होती. तिच्या बोटांची टोकं निळी झाली होती, साबणाने जात नव्हती. आई एकदम म्हणाली, “सुमे, मला एकदा सांगायचंस तरी. मी दिले असते गं दहा रुपये.” आत्याने जुडीचा दोरा सोडवला. “तुमचे दहा घेऊन काय केलं असतं वहिनी? बाकीच्यांनी दिले असते का?” मग माझ्याकडे वळली. “माझी मशीन खिडकीशेजारी होती,” ती म्हणाली. “तुला दिसली का तेव्हा? तिथे वारा यायचा थोडा. सहा वर्षांनी मिळाली होती ती जागा.” एवढंच. तुला कुणी सांगितलं होतं बोलायला, असं ती म्हणेल म्हणून मी तयार होऊन बसले होते. ते ती कधीच म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन पुष्पा आंटीकडे गेली. साडी नेसून. आंटी खाटेवर बसलेली होती, वरच्या माळ्यावरून कुठल्यातरी वेगळ्या मशिनींचा आवाज येत होता. आई म्हणाली, पुन्हा सुरू करा, मी वसाहतीतल्या बायकांशी बोलते, तुम्ही सांगाल तो भाव. आंटी नुसती नकाराची मान हलवत राहिली. आत जाऊन तिने तीन गाऊन आणले, उरलेले. आईने तिन्ही घेतले आणि आंटीने सांगितलेले पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. आंटी त्या पैशांकडे बघत राहिली. मग चिडून म्हणाली, “भाव नहीं करेगी? क्यों? मेरे पे तरस खा रही है?” आंटीने त्यातले काही परत आईच्या हातात कोंबले. आई ते घेत नव्हती, आंटी सोडत नव्हती, आणि दोघी रडत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

आत्या त्या कारखान्यात अकरा वर्षं राहिली. मामा गेले, तिची एक किडनी निकामी झाली, तेव्हा मी तिला बदलापूरला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी कारणं बरीच सांगितली, त्यात उन्हाळे आणि न प्यायलेलं पाणी हेही होतं. मी नोकरी केली, निवृत्त झाले, मधल्या काळात मीही चार ठिकाणी चौकशी करून बघितली, महाग पडलं तरी चालेल, पण शिवणाऱ्यांना नीट पैसे देणाऱ्याकडचेच कपडे घ्यावेत म्हणून. दुकानदार म्हणायचे, मॅडम, आम्हालाच माहीत नसतं. माझ्या ऐपतीत होतं तोवर हातमागाचं घेतलं. हातमागवाल्यांचं काय चाललंय तेही पुढे वाचनात आलं. आता माझी मुलगी प्राची फोनवर कपडे मागवते. दोन दिवसांत दारात पुडकं येतं, किंमत ऐकली तर पाव किलो काजू येणार नाहीत. मी पूर्वी तिला बोलायचे. ती म्हणायची, “मग कुठून घेऊ ते सांग ना आई,” आणि ती उद्धटपणे म्हणत नव्हती, खरंच विचारत होती.

गेल्या महिन्यात तिने एक कुर्ता मागवला. घालून बघितला तर डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड. “परत करते,” म्हणाली आणि फोन हातात घेतला. आत्या खुर्चीत बसली होती. दुसरी किडनीही गेल्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती फारशी बोलत नाही. तिने हात पुढे केला. कुर्ता घेऊन आतून बघितला, बाहीची शिवण दोन बोटांमध्ये धरून सावकाश खांद्यापर्यंत नेली.

“हात चांगला आहे पोरीचा,” म्हणाली. “इथपर्यंत सरळ आली बघ. इथे दमली असणार.”

“मग परत करू ना, आजी?”

“परत गेलेला नग तिच्याच नावावर लागतो.”

प्राचीने माझ्याकडे बघितलं. नक्की काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित तो कुर्ता कुठल्यातरी गोदामात नुसता फेकून देत असतील, कुणाच्याच नावावर लागत नसेल. प्राचीने फोन खाली ठेवला. कुर्ता ती घालते, बाह्या दुमडून.